चिमणीचं वजन

रविवार, ६ जुलै

कंपनी दरवर्षी डायरी देते आणि मी दरवर्षी ती समोरच्या काकूंना देतो. त्या तिच्यात दुधाचे खाडे लिहितात. यंदा काकूंनी दूधवाला बदलला. नवा खाडा करतच नाही, म्हणून डायरी माझ्याकडे राहिली. बरंच झालं. आता उपयोग आहे.

धाकटी आज सकाळी चिमणीला सोडून गेली. धाकटी म्हणजे माझी बहीण, चिमणी तिची मुलगी, वय अकरा. धाकटी दवाखान्यात एक्स-रे काढते. तिथे नवं यंत्र येणार आहे. ते शिकायला तिला तीन महिने परगावी जायचंय. शिकली तर बढती, नाहीतर आहे तिथेच. मेहुण्याने केव्हाच दुसरा संसार मांडलाय. मग मुलीला ठेवणार कुठे? सडाफटिंग मामाकडे.

चिमणी हे नाव ती जन्मली तेव्हाचं. दिवस भरायच्या आत आली, ओंजळीत मावेल एवढी. आता त्या नावाने रस्त्यात हाक मारायची पंचाईत. आज फाटकापाशी "अगं चिमणे" म्हणालो, तर वॉचमन वर झाडात बघायला लागला.

मी धाकटीला हजारदा सांगितलंय की पोरगी जाड होत नसते, केली जाते. ड्युटीवरून उशिरा यायचं, आल्यावर अपराधी वाटायचं, आणि मग काहीतरी गोडधोड हातावर ठेवायचं. त्यावर तिचं एकच, "दादा, तू उंटावरून शेळ्या हाकू नकोस." घ्या, उतरलो उंटावरून. तीन महिन्यांत काय होतं ते इथे लिहून ठेवणार आहे, म्हणजे परत आल्यावर तिला वाचून दाखवता येईल.

जाताना दारात म्हणाली, "बाकी काही कर, फक्त तिला बोलू नकोस."

बोलल्याशिवाय सुधारतं का कोणी?

चिमणीच्या बॅगेत तळाशी बिस्किटांचे पुडे निघाले. आईनेच घातलेले. जप्त केले.


सोमवार, ७ जुलै

सकाळी उकडलेलं अंडं, अर्धा पाव, बिनसाखरेचं दूध. चिमणीने सगळं संपवलं. "आणखी मिळणार नाही हं," म्हणालो. "हो मामा." "शाळेत चालत जायचं." "हो मामा." "लिफ्ट बंद, जिना." "हो मामा."

मला कळत नाही, यात अवघड काय आहे? धाकटीने उगाच बाऊ केलाय.

तिची मान मागून काळपट दिसते. आंघोळ नीट करत नाही. साबण लावून घासायला सांगितली. घासून घासून लाल केली, तरी काळी ती काळीच.

येताना वजनकाटा आणला. न्हाणीघराच्या दाराशी ठेवलाय, रोज सकाळी जाता-येता दिसेल असा.


शनिवार, १२ जुलै

आज शाळेला सुट्टी, मला नाही. म्हणून चिमणीला कामावर, लिफ्ट दुरुस्तीला, बरोबर नेलं. दवाखाने आणि ऑफिसं असलेल्या एका इमारतीत दुसऱ्या लिफ्टच्या दाराची तक्रार होती. माझा जोडीदार वर मोटरच्या खोलीत पोचला होता. त्याला सगळे पान्या म्हणतात, कारण त्याच्या खिशात पाना नाही असं कधी झालं नाही. मी आणि चिमणी पहिल्या लिफ्टने निघालो. आज एवढ्यापुरती सूट दिली होती, वर जायचं होतं अगदी गच्चीपर्यंत.

लिफ्ट भरली आणि घंटा वाजली. जास्त वजनाची.

दार मिटेना. सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी गेल्या. आणि मी काही म्हणायच्या आत चिमणी बाहेर निघालीसुद्धा. सरावाने. घंटा म्हणजे तिला मारलेली हाकच असावी तशी. दार मिटता मिटता एक बाई म्हणाल्या, "आईबाप करतात तरी काय, कोण जाणे."

मी छताकडे बघत होतो. कामाची सवय, लिफ्टमध्ये शिरलं की पंखा, दिवा, पट्टी बघितली जाते.

चिमणी बऱ्याच वेळाने जिन्याने वर आली. तोंड लालेलाल. मी म्हणालो, "त्या घंटेत बिघाड आहे. कमी वजनालाही वाजते."

"असू दे मामा. मी नेहमीच उतरते."

दुपारी घंटेची तपासणी केली. बिघाड नव्हता. तिला सांगितलं नाही. पान्याला विचारलं, तुझ्या पोरी कशा रे काटकुळ्या? म्हणाला, "काय माहीत. घरात असेल ते खातात आणि एकमेकींना मारतात."


रविवार, २० जुलै

काटा वर गेलाय. थोडासाच, पण वर.

हे कसं शक्य आहे? सकाळचं मी देतो, डबा मी भरतो, रात्री भाजी आणि भात मोजून वाढतो. बॅग तपासली. गादीखाली पाहिलं. (चिमणी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "काय हवंय मामा?" मी म्हणालो, पेन.) शेवटी काकूंना विचारायला गेलो, तुम्ही काही खायला देता का तिला?

काकू भडकल्या. "मी कशाला देऊ? आणि दिलं तरी मोजून किती देणार! तुम्ही दोघं रोज संध्याकाळी जिन्यावर बसून काय चरत असता ते मला दिसत नाही होय?"

आता याला काही अर्थ आहे? मी कामावरून येतो, चिमणी शाळेतून दमून आलेली असते, आणि आम्ही पायऱ्यांवर बसून चहाबरोबर गोड पाव खातो. ती एवढी चालून येते. आणि मी एकटा खाणार आणि पोर बघत बसणार, हे बरं दिसतं का? शिवाय ती पावाबरोबर बोलते. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई शिंकल्या की वर्गातलं मांजर कसं पळतं, त्याची नक्कल केली परवा. मला हसून ठसका लागला. इतक्या वर्षांत या जिन्यावर मी कधी बसलोही नव्हतो.

ते खाणं नव्हे. ते असंच.

मग वजन कशाने वाढलं? काटा स्वस्तातला आहे, तोच चुकत असेल. स्वतः उभा राहून पाहिलं. माझंही जास्त दाखवतोय.


शनिवार, २ ऑगस्ट

या आठवड्यात शाळेत तपासणी झाली आणि काल मला बोलावणं आलं. डॉक्टरबाई तरुण आहेत, चष्मा कपाळावर ठेवतात आणि मग शोधतात. पहिला प्रश्न, "आई कुठे आहे?"

सांगितलं. त्यांनी नुसतं "अच्छा" म्हटलं. त्या "अच्छा"ने मला धाकटीची बाजू घ्यावीशी वाटली. हे माझ्या बाबतीत नवीन आहे. म्हणालो, "ती कामासाठी गेलीये, मजेसाठी नाही." बाई म्हणाल्या, "मी कुठे काय म्हटलं?" खरंच, म्हटलं नव्हतं.

मानेवरचा काळेपणा मळ नाही म्हणे. शरीरात साखरेचं गणित बिघडायला लागलं की कातडी अशी होते. रक्त तपासायला सांगितलं.

मी तिला रोज ती मान घासायला लावतोय.

"घरात आणखी कोणी जाड आहे?" बाईंनी विचारलं. "कोणी नाही," म्हणालो. त्या माझ्या शर्टाच्या बटणांकडे बघत होत्या. माझं पोट वेगळं आहे, ते वयाचं आहे.


गुरुवार, ७ ऑगस्ट

रक्ताचं आलं. आजार नाही, पण आजाराच्या उंबरठ्यावर आहे. घाबरू नका, सावकाश करा, उपाशी ठेवू नका, सगळ्या घराचं खाणं बदला असं डॉक्टरबाई बरंच बोलल्या. मला फक्त उंबरठा ऐकू आला.

धाकटीला फोन केला. तिने आकडे लिहून घेतले. मग म्हणाली, "मी येऊ का परत?" मी म्हणालो, "मी आहे ना." फोन ठेवल्यावर वाटलं, आपण कोण आहोत नक्की? महिना झाला. माझ्या हाताखाली पोरगी उंबरठ्यावर पोचली की आधीच पोचलेली होती? आधीच असेल तर धाकटीची चूक. पण काटा तर माझ्याकडे वर गेला.

काही सुचेना, म्हणून मेहुण्याला फोन लावला. बाप आहे शेवटी, कळायला हवं. धाकटीला विचारलं नाही.


रविवार, १० ऑगस्ट

मेहुणा आला होता. बरोबर त्याची बायको, आणि फळांची केवढी थोरली टोपली. ती बाई बिचारी खुर्चीच्या कडेवर बसून होती, कुणीतरी उठवेल म्हणून.

चिमणीने पाणी आणून दिलं. मेहुण्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "अरे बापरे." बस, एवढंच. मग ती आतल्या खोलीत गेली.

"तुम्हां बहीणभावांना हे जमणारं नाही," तो म्हणाला. "ती एक्स-रे काढत फिरते, तुम्ही लिफ्टवर लोंबकळता. सहामाही परीक्षा झाली की मी हिला घेऊन जातो. आमच्याकडे शिस्त आहे."

"धाकटी देणार नाही."

"डॉक्टरचे कागद असताना नाही कशी म्हणेल? आईने मुलीची काय अवस्था केलीये ते चार लोकांना दाखवलं की झालं."

माझं टाळकं सरकलं. म्हणालो, "तोवर वजन उतरवून दाखवतो. मग तर बोलणार नाही ना काही?"

"उतरलं तर प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "नाही उतरलं तर नेणार."

एवढं जोरात बोलायला नको होतं. आतल्या खोलीचं दार नीट लागत नाही, लाकूड फुगलंय. पण चिमणी चित्र काढत होती. नंतर पाहिलं तर कागद कोरा होता. बहुतेक सुचत नसेल काही.

धाकटीला हे सगळं कोणत्या तोंडाने सांगू? स्वतःच्या हाताने निखारा पदरात आणला. सध्या नको सांगायला.


रविवार, १७ ऑगस्ट

उतरलं!

काट्यावर तीनदा उभं केलं. तीनदा तेच. मी म्हणतच होतो, मनावर घेतलं की होतं. या आठवड्यात चिमणी स्वतःहूनच भात नको म्हणाली. डबा तर इतका स्वच्छ संपवते की धुऊनच घरी आणते. शहाणी झाली एका आठवड्यात.


सोमवार, २५ ऑगस्ट

आणखी उतरलं. काकू म्हणाल्या, "अरे, चेहरा निवळला पोरीचा." पान्या म्हणाला, "तुझ्या हाताला यश आहे." शुक्रवारी त्या इमारतीत काम होतं, चिमणी शाळेतून परस्पर तिथे आली. लिफ्टमधल्या त्या बाई भेटल्या. चिमणीला बघून म्हणाल्या, "अगं बाई, छान बारीक झालीस की! आई लक्ष देते वाटतं आता." मी म्हणालो, "मामा देतो." फार बरं वाटलं. चिमणी जिन्याने गेली. मी म्हणालो, चल आज लिफ्टने, तर ऐकेना.

मेहुण्याला फोन करून आकडा सांगितला. म्हणतो, "बघितलंत? जरा दम दिला की होतं." याचं श्रेयही त्यालाच!

धाकटीला सांगितलं तर तिने भलतंच विचारलं. "ती हसते का रे?" आता वजनाचं बोलणं चाललंय, त्यात हसायचं काय? तरी आठवून पाहिलं. मांजराची नक्कल पुन्हा झालेली नाही. अभ्यास वाढलाय तिचा.

संध्याकाळी गोड पाव आणला होता. ती म्हणाली, "मामा, तू खा." जिन्यावर एकटाच बसून खाल्ला. पाव तिथलाच, पण शिळा लागला. दुकानदाराला बोललो, तर तो म्हणतो आत्ताच भट्टीतून काढलाय. का कोण जाणे.


बुधवार, ३ सप्टेंबर

चिमणी हल्ली शाळेतून आली की झोपते. घरात स्वेटर घालून बसते. मी पंखा लावतो, ती बंद करते. काल चिडून म्हणाली, "मला नको ना विचारूस सारखं!" मी फक्त डब्यात भाजी कुठली देऊ एवढंच विचारलं होतं. वयात येतेय. काकू म्हणाल्या की पोरी या वयात अशाच.

काकूंनी आणखी एक सांगितलं. परवा मला यायला उशीर झाला, म्हणून त्यांनी चिमणीला जेवायला बोलावलं, तर ती म्हणाली घरी जेवले. मला तर ती म्हणाली होती की काकूंकडे जेवले. काहीतरी गैरसमज झाला असेल. काकूंना हल्ली ऐकायलाही कमी येतं.

काट्यावर सकाळी एकदा उभं राहायचं ठरलंय, पण ती दोन-तीनदा उभी राहते. आवड लागली तर चांगलंच आहे. तरी आज तिला तिथे पाहिलं आणि कसंतरीच झालं. ती श्वास रोखून उभी होती.

उपाशी ठेवू नका असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. मी कुठे ठेवतोय? ताट भरून देतो. रिकामं ताट परत येतं. मग कसली हुरहुर लागलीये मला?


गुरुवार, ११ सप्टेंबर

अक्षर वाकडंतिकडं येतंय, समजून घ्यावं.

लिफ्टच्या टपावर उभा होतो, दोराला वंगण देत. खिशातला फोन वाजत राहिला. त्या कामात उचलायचा नसतो. नंतर पाहिलं, शाळेचा. चिमणी जिन्यात चक्कर येऊन पडली. कपाळाला खोक पडली, बाकी काही मोडलेलं नाही.

मी पोचलो तेव्हा ती डॉक्टरबाईंच्या खोलीत पडून होती, ओठ पांढरे. बाईंनी मला विचारलं, "काल काय काय खाल्लं हिने?"

घडाघडा सांगितलं. अंडं, पाव, दूध. डब्यात भाजी, पाव, केळं. रात्री भात, भाजी, दही. एक गोष्ट चुकली नाही माझी.

बाईंनी चिमणीकडे पाहिलं. ती भिंतीकडे वळली.

"खरं सांग, मी रागावणार नाही."

भिंतीकडेच बघत बोलली ती. दूध मोरीत. डबा शाळेमागच्या कचऱ्याच्या डब्यात. रात्रीचं मी हात धुवायला उठलो की पिशवीत, आणि पिशवी सकाळी बाहेर. अंडं मात्र खायची. "अंड्याने वजन वाढत नाही, असं मामा म्हणाला होता."

"का गं बाळा?"

"वजन उतरलं नाही तर बाबा नेणार. आणि सगळे म्हणणार, आईने केलं."

मी म्हणालो, "अगं, पण मला सांगायचंस ना!"

ती म्हणाली, "तू किती खूश होतास, मामा."


शुक्रवार, १२ सप्टेंबर

कामावर गेलो नाही. चिमणी झोपली आहे, पलंगाशेजारी खुर्चीवर बसून लिहितोय.

डोक्याचा भुगा झालाय. दोष कोणाला द्यावा म्हणून सकाळपासून एकेकाला उभं करून बघतोय. मेहुण्याला द्यावा, तर त्याला फोन केला मीच. धाकटीला द्यावा, तर ती इथे नव्हती. ती नव्हती म्हणून द्यावा, तर गेली कोणासाठी? त्या लिफ्टमधल्या बाईंना द्यावा, तर त्यांनी तेच म्हटलं जे मी वर्षानुवर्षं म्हणत आलोय, फक्त ते माझ्या भाचीच्या कानावर पडलं. आणि वजन खरंच जास्त होतं ना? उंबरठा खोटा नव्हता. काहीच केलं नसतं तरी चुकलं असतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातलं आहे हे.

मेहुण्याला कळवलं. शिव्या द्यायच्या तयारीत होतो. त्याने आधी कपाळाला टाके पडले का ते विचारलं. मग म्हणाला, "शाळेत मला पोत्या म्हणायचे. मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर पडायचो नाही मी. तिचं तसं होऊ नये, एवढंच होतं हो माझ्या मनात."

एवढी वर्षं त्याचा मनसोक्त राग करत होतो, तेवढंही सुख ठेवलं नाही त्याने.

धाकटी निघाली आहे.


मंगळवार, १६ सप्टेंबर

धाकटी शनिवारी आली. आल्या आल्या मला काहीच बोलली नाही, मुलीशेजारी जाऊन आडवी झाली, चपला काढायचीसुद्धा विसरली. दोघी तशाच झोपल्या.

मी तीन दिवस वाट बघितली. शेवटी आज स्वयंपाकघरात म्हणालो, "ओरड तरी माझ्यावर. मी मेहुण्याला बोलावलं, पैज लावली, पोरीला काट्यावर चढवलं."

ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "ही जन्मली तेव्हा काचेच्या पेटीत होती, आठवतं? रोज सकाळी नर्स वजन करायची. चमच्याने थेंब थेंब दूध घालायचे मी. वजन वाढलं की घरी नेता येईल, असं म्हणाले होते. काटा जरा वर सरकला की मी तिथेच रडायचे आनंदाने. अख्खा वॉर्ड खूश व्हायचा." बटाटा धुऊन ठेवला. "मग घरी आणली. दादा, 'आता पुरे, थांब' असं मला कधी कोणी सांगितलंच नाही. आणि ज्या दिवशी सांगितलं, त्या दिवशी सगळ्यांनी एकदमच सांगितलं. तू धरून."

मी सुरी घेतली आणि बटाटे चिरायला लागलो. दुसरं काय करणार? फार जाड चिरले.

मग ती म्हणाली, "आणि तिच्या बाबाला बोलावलंस त्याचा राग आहेच. तो वेगळा. तो काढीन सवडीने."

ते ऐकून जरा हायसं वाटलं.


गुरुवार, १८ सप्टेंबर

डॉक्टरबाईंकडे चौघं गेलो, मेहुणाही आला. चार मोठ्या माणसांमध्ये चिमणी कपाळाला पट्टी लावून बसलेली.

बाईंचं म्हणणं असं. वजन हळूहळू खाली यायला हवं, त्याची घाई नाही. एकट्या मुलीचं खाणं बदलायचं नाही. घरात जे शिजेल ते सगळ्यांसाठी एकच. काटा घरात नको. तो इथे आहे, लागेल तेव्हा इथे बघू. आणि कोणी कोणाला न्यायचं, हे तिच्या वजनावर ठरवायचं नाही. मेहुण्याने मान खाली घालून "बरं" म्हटलं. धाकटी म्हणाली, "भेटायला ये. सिनेमाला ने. पण पुन्हा 'अरे बापरे' म्हणायचं नाही." तिला ते कसं कळलं, मी तर सांगितलं नव्हतं.

मग बाईंनी चिमणीला विचारलं, "तुला काय हवंय?"

चिमणीने कपाळावरची पट्टी चाचपली. मला वाटलं, आईने परत यावं असं म्हणेल. तसंच धाकटीलाही वाटलं असणार, तिने पदर मुठीत धरला होता.

चिमणी म्हणाली, "मी जेवताना माझ्याकडे कोणी बघू नये."

खोलीत आम्ही सगळेच तिच्याकडे बघत होतो. मग एकेकाने नजर काढून घेतली. मेहुण्याने खिडकीकडे पाहिलं, मी बुटांकडे.

घरी येताना धाकटीने विचारलं, "मी शिकायचं सोडून घरी येऊ, की तू येतेस माझ्याबरोबर तिकडे?" थोडेच दिवस उरलेत, पण धाकटी ते सोडायला तयार होती.

"तू पूर्ण कर," चिमणी म्हणाली. "मी मामाकडेच राहते."

माझ्याकडे? का? मी विचारलं नाही, उत्तर काय येईल या भीतीने. पण दिवसभर डोक्यात तेच घोळतंय. इतकं सगळं करून, माझ्याकडे?


रविवार, २१ सप्टेंबर

धाकटी सकाळच्या गाडीने गेली. काटा पान्याला दिला. म्हणाला, हत्यारांची पिशवी तोलायला होईल.

संध्याकाळी काय रांधावं कळेना. गाजर, फरसबी, बटाटा एकत्र शिजवलं, बरोबर भात आणि दही. दोघांना सारखंच. माझ्या ताटात नेहमीपेक्षा कमी आलं, त्याचं मला वाईट वाटलं हे खरं आहे. चहात साखर अर्धी केली आहे. ती एक शिक्षाच आहे.

जेवायला समोरासमोर बसतो आम्ही. आज मी खुर्ची फिरवून तिच्या शेजारी ठेवली, दोघांचं तोंड खिडकीकडे. समोरच्या इमारतीत एक माणूस गॅलरीत दोरी बांधत होता, ती पुन्हा पुन्हा सुटत होती. बराच वेळ दोघांनी तेच पाहिलं. चिमणी म्हणाली, "त्याला गाठ येत नाही." मी म्हणालो, "शिकवून येऊ का?" ती म्हणाली, "नको. त्याचं तो बघेल." आणि मग तो माणूस गाठीवर तोंड वाकडं करतो तसं तिने तोंड करून दाखवलं असावं, कारण तसा काहीतरी आवाज आला. मी वळलो नाही. फार वळावंसं वाटत होतं.

चमच्याचा आवाज येत होता. मध्ये थांबला. मी दोरीकडेच बघत राहिलो. मग पुन्हा आला.

ती उठून स्वतःचं ताट धुऊन गेली. किती खाल्लं, काय टाकलं, भात घेतला की नाही, पुरेसं झालं की कमी की जास्त, मला सांगता येणार नाही. मी पाहिलं नाही.